ग्वाल्हेर ते ॲम्स्टेलवेन : मुलींच्या हॉकी संघाचा दौरा, दिवसागणिक

नेदरलँड्समध्ये क्लब हॉकीचा आठवडा ठरलेला असतो. शनिवार मुलामुलींचा, रविवार मोठ्यांचा, बाकी दिवस संध्याकाळी सराव. दौऱ्याचं वेळापत्रक या आठवड्याला धरूनच आखावं लागतं. सोळा वर्षांखालील मुलींचा हा दौरा म्हणूनच असा बेतला: गुरुवारी ग्वाल्हेर सोडायचं, पहिले शनिवार-रविवार फक्त सामने बघायचे आणि मंगळवारी पहिल्यांदा मैदानात उतरायचं. बरेच संघ नेमकं उलट करतात. उतरल्या दिवशीच सामना, सात-आठ गोल अंगावर, पुढचे दिवस मुली धास्तावलेल्या, आणि मोठा सामना बघायचा तो शेवटच्या दिवशी सामान बांधता बांधता. खेळायच्या आधी बघितलेलं मैदानात कामी येतं. नंतर बघितलं तर फक्त फोटो उरतात.

महिना एप्रिलचा मधला. हिवाळ्यात तिथलं मैदानी हॉकी थांबून इनडोअर चालतं आणि मार्चच्या सुमारास मैदानं पुन्हा गजबजतात. एप्रिल संपता संपता शाळांना सुट्ट्या लागतात, २७ तारखेला राजाचा वाढदिवस असतो. तेव्हा कनिष्ठ संघ जमत नाहीत आणि रेल्वेत पाय ठेवायला जागा मिळत नाही. ग्वाल्हेरचा पारा या दिवसांत चाळिशीला टेकलेला असतो. तिथे सकाळी सहा-सात, दुपारी बारा-तेरा अंश आणि वर सतत वारा. नुसता स्वेटर घेऊन हा फरक भरून निघत नाही, तो बोटांत आणि मांडीच्या स्नायूंत जाणवतो.

निघण्यापूर्वी

अठरा मुली, त्यांत दोन गोलकीपर; दोन प्रशिक्षक, एक फिजिओ आणि व्यवस्थापक ताई. गोलकीपर एकच नेली आणि तिचा अंगठा दुखावला तर दौरा तिथेच संपतो, म्हणून दोन.

कागदपत्रांचं काम सहा महिने आधी काढावं. अठरा वर्षांखालच्या मुलीचा पासपोर्ट बहुधा पाच वर्षांचाच असतो, आणि शेंगेन व्हिशासाठी (नेदरलँड्ससह बऱ्याच युरोपीय देशांना मिळून चालणारा व्हिसा) परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने तो वैध हवा. एखादीचा पासपोर्ट नेमका त्याच महिन्यात संपत असतो आणि ते कुणी बघितलेलं नसतं. दुसरी अडचण नावाची. आपल्या मराठी घरांत जन्मदाखल्यावर वडिलांचं नाव मधे असतं, आधारवर नसतं, आणि आडनावाचं रोमन स्पेलिंग शाळेत एक, पासपोर्टवर दुसरं. हे सगळं व्हिशाच्या अर्जाआधी जुळवून घ्यायचं. दोन्ही पालकांचं संमतिपत्र, जन्मदाखला, पालकांच्या ओळखपत्रांच्या प्रती आणि यजमान क्लबचं निमंत्रणपत्र हवं. त्या पत्रात तारखा, सामने, मुक्काम आणि खर्च कोण करणार, हे स्पष्ट लिहून घ्यावं.

अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून घेतात आणि पंधरा दिवसांच्या आत घेत नाहीत. बारा वर्षांपासून पुढे सगळ्यांच्या बोटांचे ठसे लागतात, म्हणजे अख्खा संघ दिल्लीला न्यावा लागतो; सर्वांची वेळ एकाच दिवसाची घेतली तर एका फेरीत काम उरकतं. ज्या मुलीचे ठसे पाच वर्षांच्या आत दिलेले आहेत तिची फेरी वाचू शकते. व्हिशाची नेहमीची फी बारा वर्षांवरील व्यक्तीला ९० युरो. विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो, पण खरी मेख बारीक अक्षरांत असते. बऱ्याच प्रवास विम्यांत स्पर्धात्मक खेळातली दुखापत वगळलेली असते. हॉकीच्या संघाने असा विमा काढणं म्हणजे पैसे पाण्यात.

सामानात जड काय आणि मोलाचं काय, हे आधी ठरवावं. चेंडू न्यायचे नाहीत. एक चेंडू १५६ ते १६३ ग्रॅमचा, दोन डझन म्हणजे जवळजवळ चार किलो, आणि यजमान क्लबकडे ते टोपल्यांनी असतात. स्टिका प्रत्येकी दोन. छत्तीस स्टिका साधारण वीस किलो भरतात, त्या दोन लांब बॅगांत विभागायच्या. विभागताना एका मुलीच्या दोन्ही स्टिका एकाच बॅगेत घालू नयेत. एक बॅग विमानतळावर अडकली तरी प्रत्येकीच्या हातात एक स्टिक राहते. नाहीतर अर्धा संघ रिकाम्या हाताने उभा. स्टिकची कड कुठे उडालेली असेल तर घरीच इपॉक्सी लावून, घासून गुळगुळीत करून घ्यावी. वरून टेप गुंडाळून काम भागवलं तर एक लक्षात ठेवायचं: टेपसकट स्टिक ५१ मिलीमीटरच्या कड्यातून जायला हवी.

माउथगार्ड प्रत्येकीकडे हवाच. तिथल्या क्लब हॉकीत नडगीचे गार्ड आणि माउथगार्ड सक्तीचे आहेत, विसरला तर बाहेर बसावं लागतं. गरम पाण्यात मऊ करून दातांवर बसवायचा प्रकार घ्यावा आणि दोन आठवडे आधी बसवून सरावात घालायला लावावा. नवा माउथगार्ड घालून मुलींना ओरडता येत नाही, आणि न बोलणारा बचाव काय कामाचा?

खाण्याच्या पिशवीत भाजणी, मेतकूट, चटण्या, पोह्यांचा चिवडा, खाकरे चालतात. पेढे, खवा, पनीर, तूप नाही. युरोपीय संघात बाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ आणायला मनाई आहे. ताज्या फळांत केळी, अननस, नारळ, खजूर आणि ड्युरियन एवढ्यांनाच वेगळ्या दाखल्याशिवाय परवानगी आहे. आजीने प्रेमाने घातलेला आंबा तिथल्या कस्टमच्या डब्यात जातो. यजमानांना द्यायला मोरेन्याची गजक उत्तम, तिळगुळाची असल्याने अडचण नाही, पण तिचा हंगाम थंडीचा. एप्रिलमध्ये ताजी शोधावी लागते.

गुरुवार

ग्वाल्हेर ते दिल्ली शताब्दी किंवा वंदे भारतने सव्वातीन-साडेतीन तास. विमान मध्यरात्रीनंतरचं असलं तरी दुपारचीच गाडी धरावी. बावीस माणसं, बावीस बॅगा, स्टिकांच्या दोन आणि गोलकीपरच्या दोन, एवढं स्टेशनवरून विमानतळावर हलवायला छोटी बस आधी सांगून ठेवलेली बरी. स्टिक केबिनमध्ये नेऊ देत नाहीत. लांब बॅगा नेहमीच्या पट्ट्यावर न टाकता मोठ्या आकाराच्या सामानाच्या खिडकीवर द्यायच्या असतात, आणि ती खिडकी बहुधा लांब कोपऱ्यात असते. तेवढा वेळ हाताशी ठेवावा.

गोलकीपरचं किट बारा ते पंधरा किलोचं, पण जागा खातं तिप्पट. पॅड चपटे ठेवून त्यांच्या पोकळीत किकर (बुटांवर चढवायचं जाड कवच), किकरमध्ये मोजे आणि हेल्मेटमध्ये हातांचे प्रोटेक्टर बसवले तर एका बॅगेत मावतं. प्रत्येक खेळाडूच्या हातातल्या पिशवीत मात्र टर्फचे (कृत्रिम गवतावरचे) बूट, माउथगार्ड आणि एक जर्सी असलीच पाहिजे. स्टिक उसनी मिळते. पायात रुळलेला बूट उसना मिळत नाही.

शुक्रवार

नऊ-साडेनऊ तासांचं उड्डाण आणि उन्हाळी वेळेत साडेतीन तासांचा फरक. ॲमस्टरडॅमच्या स्किपोल विमानतळावर, सीमेवर आता पहिल्या प्रवेशाला फोटो घेतात आणि व्हिशाच्या वेळी दिलेले बोटांचे ठसे पडताळतात, गटाला वेळ लागतो. व्यवस्थापकांकडे निमंत्रणपत्र, परतीची तिकिटं आणि मुक्कामाचा पत्ता छापील स्वरूपात असावा. फोनची बॅटरी अशाच वेळी संपते. लांब बॅगा नेहमीच्या पट्ट्यावर येत नाहीत, वेगळ्या ठिकाणी येतात.

मुक्काम युवा वसतिगृहात. चार-सहा खाटांच्या खोल्या, नाश्ता त्यांचा, स्वयंपाकघर बहुतेक ठिकाणी मिळत नाही, म्हणून आधी विचारून घ्यावं. मोबाइलच्या दोन बारीक पिनांचा चार्जर तिथल्या सॉकेटमध्ये बसतो. तांदूळ शिजवायच्या कुकरची आपली तीन पिनांची प्लग बसत नाही. अडॅप्टर न्यावा, नाहीतर कुकर घरीच ठेवावा.

दुपारी झोपू द्यायचं नाही, हा दिवसाचा एकमेव नियम. उजेड रात्री साडेआठपर्यंत असतो. चाळीस मिनिटं हलकं धावणं, ताण देणं, गवतावर चेंडू न घेता खेळ. सायकलचा लाल रस्ता आणि पायी चालायचा रस्ता यांतला फरक याच दिवशी समजावून द्यावा. आपल्या मुली लाल रस्त्यावर घोळक्याने उभ्या राहतात आणि सायकली तिथे स्कूटरच्या वेगाने येतात.

जेवायला सुरिनामी दुकान शोधलं. १८७३ पासून उत्तर प्रदेश-बिहारकडचे गिरमिटिये (करारबद्ध मजूर) सुरिनामला गेले, त्यांचे वंशज नंतर मोठ्या संख्येने नेदरलँड्समध्ये आले. त्यांच्या दुकानात रोटी, बटाट्याची भाजी आणि चवळीच्या लांब शेंगा मिळतात. शाकाहारी मागितली तर वेगळी करून देतात. मुलींचं पोट आणि मन दोन्ही शांत झालं.

शनिवार

सकाळी साडेआठलाच क्लबचं आवार भरलेलं. छोट्यांची मैदानं पाव आकाराची. आधी तिघांचे संघ, मग सहा, मग आठ आणि त्यानंतर अकरा. अकराजणींचं पूर्ण मैदान (९१.४ बाय ५५ मीटर) मुलांना उशिरा मिळतं, तोवर प्रत्येकीच्या स्टिकला चेंडू पुष्कळ वेळा लागलेला असतो. आपल्याकडे आठ-नऊ वर्षांच्या पोरांनाही सरळ मोठ्या मैदानावर सोडतात, त्यात दोघं खेळतात आणि बाकीचे पळतात.

मुलींना मोकळं सोडायचं नाही. दोघी-दोघींची जोडी, एक वही, एक काम. एका जोडीने फक्त सामन्याआधीची तयारी वेळ लावून लिहायची. दुसरीने एकाच हाफबॅककडे (बचाव आणि हल्ला जोडणाऱ्या खेळाडूकडे) पंधरा मिनिटं बघायचं, चेंडू कुठेही असो. तिसरीने फ्री हिट (समोरच्या संघाच्या चुकीबद्दल मिळणारा मोकळा फटका) किती सेकंदांत घेतली, ते मोजायचं. हे तिसरं काम सगळ्यांत जास्त शिकवून गेलं. शिट्टी वाजली की तिथली मुलगी चेंडू थांबवते आणि स्वतःच घेऊन निघते, दोन-तीन सेकंदांत. आपल्या मुली शिट्टी ऐकल्यावर पंचांकडे बघतात, मग एकमेकींकडे. समोरची पाच मीटर मागे सरकायच्या आत खेळ पुढे गेलेला असतो.

२३ मीटरच्या आत मिळालेल्या फ्री हिटवर चेंडू सरळ डीमध्ये (गोलसमोरच्या अर्धवर्तुळात) घालता येत नाही, आधी तो पाच मीटर फिरावा लागतो. हा नियम आपल्या मुलींना पाठ असतो, पण तिथल्या मुली तो पाच मीटरचा तुकडा धावत असतानाच आडवा पार करतात आणि मग डीत शिरतात. नियम पाळूनही वेळ जात नाही.

पंच पंधरा-सोळा वर्षांच्या मुली. क्लबच्या सदस्यांनी परीक्षा देऊन शिट्टी हातात घ्यायची, असा तिथला रिवाज आहे. एका निर्णयावर एक वडील काठावरून ओरडले, तर त्या मुलीने खेळ थांबवून फक्त त्यांच्याकडे बघितलं. ते गप्प. आपल्या संघातल्या चार मुलींनी त्या दिवशी पंचाचं काम शिकायचं मनावर घेतलं.

क्लबहाउसमध्ये मुलांना सरबत आणि तळलेलं काहीतरी मिळतं. बिटरबॉलेन नावाचे गोल वडे दिसायला बटाटावड्यासारखे, पण आत बहुधा गोमांस असतं. शाकाहारी मुलींना हे पहिल्याच दिवशी सांगावं. चीज भरलेलं काससूफ्ले, साधा चीज टोस्ट आणि फ्राइज चालतात. टोस्ट मागताना हॅम नको, हे स्पष्ट सांगायचं. रोख पैसे बहुतेक क्लबांत घेत नाहीत, कार्ड लागतं.

रविवार

ॲमस्टरडॅमच्या जंगलवजा उद्यानालगत ॲम्स्टेलवेनमधलं वागेनर स्टेडियम. होफ्तक्लासे ही तिथली सर्वोच्च क्लब साखळी, आणि इथे १८९२ मध्ये स्थापन झालेला ॲमस्टरडॅम क्लब खेळतो. भारतीयांना हे मैदान दुसऱ्या कारणाने माहीत आहे. १९७३ च्या विश्वचषकाची अंतिम लढत इथेच झाली. भारत २-० ने पुढे होता, यजमानांनी २-२ केले आणि पेनल्टी स्ट्रोकवर भारत ४-२ ने हरला. २०२६ च्या विश्वचषकासाठीही नेदरलँड्स-बेल्जियम या संयुक्त यजमानांनी हेच मैदान निवडलं.

बसायचं कुठे, हे महत्त्वाचं. सगळ्या मुली गोलच्या मागे धावतात, तिथे रोमांच जास्त. पण संघाची रचना कळते ती बाजूच्या उंच रांगेतून, मध्यरेषेजवळ. म्हणून पहिले दोन भाग उंचावर आणि नंतरचे दोन गोलमागे, अशी अदलाबदल केली. उंचावरून दिसतं की बचाव करणारा संघ चेंडूकडे धावत नाही, आपापल्या जागा एकत्र सरकवतो आणि समोरच्याला साइडलाइनकडे जायला भाग पाडतो. तिथे रेषा हाच आणखी एक बचावपटू होतो. गोलमागून दिसतो पेनल्टी कॉर्नर, म्हणजे बचावाच्या चुकीबद्दल मिळणारा, गोलच्या बाजूच्या रेषेवरून सुरू होणारा ठरलेला हल्ला.

त्यासाठी मुलींना काय बघायचं ते आधी चित्र काढून सांगितलं होतं. गोलपोस्टपासून दहा मीटरवरून पुशर चेंडू काढते. १४.६३ मीटरच्या डीच्या वरच्या कडेला स्टॉपर, तिच्या मागे फ्लिकर, म्हणजे चेंडू स्टिकने ओढत गोलात उडवणारी (हाच ड्रॅग फ्लिक). बचावात गोलकीपर धरून पाचजणी गोलरेषेमागे, बाकीच्या मध्यरेषेपलीकडे. चेंडू निघाला की पहिली रशर (अडवायला पुढे धावणारी) सरळ फ्लिकरच्या स्टिकवर धावते, दुसरी तिच्या मागून थोडी आतल्या बाजूने, उरलेल्या पोस्ट आणि आतली जागा धरतात. चेंडू डीबाहेर गेल्याशिवाय गोल धरत नाहीत. पहिला फटका हिटचा असेल तर गोलरेषा ओलांडताना तो ४६० मिलीमीटरच्या वर गेलेला चालत नाही, म्हणजे गोलच्या तळाशी असलेल्या फळीच्या उंचीत हवा. ड्रॅग फ्लिकला ही मर्यादा नाही. म्हणून तर सगळं जग फ्लिकच्या मागे. तयारीला मिळतात चाळीस सेकंद. गोलमागे बसून मुलींनी मोजलं: तिथल्या रशर पंधरा-वीस सेकंदांत चेहऱ्याचा मास्क घालून जागेवर असतात, उरलेला वेळ बोलण्यात. आपल्या मुलींचे चाळीस सेकंद मास्कचा पट्टा शोधण्यात जातात. चेंडू अडवल्यावर मास्क २३ मीटरच्या आत काढून टाकायचा असतो, तसाच घालून पुढे गेलं तर फ्री हिट विरुद्ध.

सोमवार

सकाळी ॲमस्टरडॅमचं ऑलिंपिक स्टेडियम. भारताने हॉकीचं पहिलं सुवर्ण १९२८ मध्ये इथे जिंकलं. पाच सामने, २९ गोल केले आणि एकही खाल्ला नाही. अंतिम सामन्यात नेदरलँड्सला ३-० ने हरवलं. ध्यानचंद यांचे १४ गोल. ग्वाल्हेरकरांना जवळचे रूपसिंग, ध्यानचंद यांचे धाकटे भाऊ, या संघात नव्हते, ते १९३२ आणि १९३६ च्या संघांत होते. आपल्या ज्या मैदानाला त्यांचं नाव आहे तिथे आता क्रिकेट चालतं, ही खंत वेगळी. बाहेरचा मॅरेथॉन मनोरा बघण्यासारखा, ऑलिंपिक ज्योत पहिल्यांदा १९२८ मध्ये त्याच्यावर पेटली.

संध्याकाळी नव्वद मिनिटांचा सराव, आणि त्यातली पहिली पस्तीस मिनिटं फक्त चेंडू घेणं. कारण साधं. आपल्याकडे उन्हाळ्यात टर्फवर पाणी बेताचंच पडतं, पडलेलं दहा मिनिटांत उडतं, आणि चेंडू किंचित धरून येतो. तिथे थंड हवेत पाणी तसंच राहतं. चेंडू घसरत, बुटक्या उंचीने आणि जास्त वेगाने येतो. उभी स्टिक धरून, ताठ कमरेने वाट बघणाऱ्या मुलीच्या स्टिकखालून तो निघून जातो, नाहीतर स्टिकला लागून तीन मीटर उडतो. “अगं, वाट बघू नकोस, स्टिक पुढे घे, मूठ पुढे, खाली बस,” सर एवढंच सांगत होते. डाव्या मुठीला स्टिकच्या तोंडापुढे आणलं की स्टिक चेंडूवर झुकते आणि चेंडू तिच्या खाली दबतो. उजवा हात सैल ठेवला की तो उडत नाही. पंधरा मीटरवरून सुरुवात, मग पंचवीस, मग धावताना. थंडीत बोटं आखडतात, त्यामुळे पकड आपोआप घट्ट होते आणि चेंडू जास्त उडतो. सरावाआधी हात चोळून गरम करणं हा तंत्राचाच भाग आहे.

मंगळवार

पहिला सामना. मैदान दीड तासासाठी मिळतं आणि पुढचा संघ वाट बघत उभा असतो. बस वीस मिनिटं उशिरा पोचली तर ती वीस मिनिटं तयारीतून जातात, सामन्यातून नाही. सामना किती मिनिटांचा, हे आधी लेखी ठरवावं. आंतरराष्ट्रीय नियमाने पंधरा मिनिटांचे चार भाग, पण तिथे क्लबच्या सामन्यांत साडेसतरा मिनिटांचे चार भागही खेळतात. दहा मिनिटांचा हा फरक आपल्या मुलींच्या पायांना शेवटच्या भागात कळतो. दोन रंगांच्या जर्सी नेलेल्या असाव्यात.

निकाल ५-१ विरुद्ध. त्यांचे पहिले दोन गोल सुरुवातीच्या दहा मिनिटांत, दोन्ही आपल्या फुलबॅकने चेंडू घेताना उडवल्यामुळे. तिसरा त्याच जुन्या दुखण्यातून: शिट्टी, आपल्या तिघी पाठ करून उभ्या, आणि त्यांची मुलगी घेऊन पळाली. मागून पंचवीस-तीस मीटरचे सपाट स्लॅप (स्टिक जमिनीलगत फिरवून मारलेले) पास सरळ इनसाइड फॉरवर्डच्या स्टिकवर येत होते आणि आपल्या मधल्या फळीला ते अडवायची सवयच नव्हती, कारण आपल्याकडे सरावात एवढे लांब पास कुणी देत नाही. मुलींची वैयक्तिक ड्रिबलिंग मात्र तिथल्यांपेक्षा सरस होती, टाळ्याही मिळाल्या. पण दोघींना चकवून तिसरीत अडकायचं, तोवर बाजूला मोकळी उभी असलेली विंगर वाट बघून थकते. आपला गोल आला तो एकाच स्पर्शाच्या तीन पासांतून.

सामन्यानंतर दोन्ही संघ एकत्र जेवतात. तिथे हा सामन्याचाच भाग मानतात, टाळून हॉटेलवर पळणं उद्धटपणाचं दिसतं.

बुधवार

कपडे धुणं, पाय बघणं, झोप. गोलकीपरचं किट पाण्याने जड होतं आणि खोलीत वास सुटतो. ते हीटरवर टाकायचा मोह होतो, टाकू नये. फोम आकसतो, वाकतो, आणि किकर पुन्हा पायावर नीट बसत नाही. किकरमध्ये वर्तमानपत्राचे बोळे कोंबायचे, दर तीन तासांनी बदलायचे आणि पॅड हवेशीर उभे ठेवायचे.

गुरुवार

उट्रेख्तला सामना. तिथपर्यंत रेल्वेने अर्धा तास, पण किट असताना बसच बरी. रेल्वेत बँकेचं कार्ड टेकवून प्रवास होतो खरा, मात्र एका कार्डावर एकच प्रवासी. अठरा मुलींकडे अठरा कार्डं नसतात, म्हणून गटाचं तिकीट आधी ऑनलाइन काढावं.

मैदान वाळू घातलेलं. सगळेच क्लब पाण्याच्या टर्फवर खेळत नाहीत. इथे चेंडू हळू, किंचित उसळून येतो, ड्रॅग फ्लिकला स्टिक अडते आणि पडलं की कातडी सोलून निघते. खरचटल्यावर वाहत्या पाण्याने वाळूचा कण न कण धुवून, सलाइनने पुसून, न चिकटणारी पट्टी बांधायची. हळद भरायचा आग्रह कुणी केला तरी नाही. वाळू आत राहते आणि दोन दिवसांनी पू होतो. गुडघ्यांना आधीच व्हॅसलिन लावलं की निम्मं काम होतं.

२-१ ने हार, पण खेळ निराळाच. फ्री हिट पटापट घेतल्या गेल्या. दुसरा गोल मात्र मास्कचा: पेनल्टी कॉर्नर अडवून आपली पहिली रशर मास्कसकट २३ मीटरची रेषा ओलांडून पळाली, फ्री हिट गेली आणि तिथून परत हल्ला.

शुक्रवार

हलका सराव, गोलकीपरांना वेगळा तास. संध्याकाळी दोन्ही सामन्यांचे व्हिडिओ, तेही चाळीस मिनिटंच. त्याहून जास्त वेळ सोळा वर्षांची मुलगी पडद्याकडे बघते, पण बघत नसते.

शनिवार

शेवटचा सामना, पाण्याचं टर्फ, मागून वारा. पहिल्या रविवारी उंचावरून बघितलेली गोष्ट इथे वापरली. चेंडू त्यांच्या उजव्या फुलबॅककडे गेला की आपली फॉरवर्ड आतून धावत जाऊन तिला रेषेकडे वळवायची आणि लेफ्ट हाफ पुढे सरकून पासची वाट बंद करायची. दोघींच्या धावेत एका सेकंदाची चूक झाली की मधून दार उघडं. पहिल्या भागात दोनदा उघडलं, एकदा गोल झाला. तिसऱ्या भागात याच पद्धतीने चेंडू हिसकावून बरोबरी. शेवट २-२. अठराजणींना आलटून पालटून खेळवायचं तर बदली कधीही करता येते, फक्त पेनल्टी कॉर्नर दिल्यापासून तो संपेपर्यंत नाही. फॉरवर्डना चार-पाच मिनिटांनी बाहेर काढलं तरच असा दबाव शेवटपर्यंत टिकतो.

रविवार

ओले बूट आणि किट यांनी परतीचं वजन वाढतं, एका बॅगेला दीड-दोन किलो सहज. शनिवारी रात्रीच तोलून घ्यावं. दिल्लीत उतरून ग्वाल्हेरला पोचल्यावर गोलकीपरचं किट त्याच दिवशी सावलीत उघडावं. एप्रिलच्या आपल्या उन्हात टाकलं तर फोम पुन्हा तोच त्रास देतो.

यजमान क्लबची मुलं परतभेटीला कधी येऊ, असं विचारतात. त्यांची मैदानी हॉकी बंद असते ती डिसेंबर ते फेब्रुवारी, आणि आपल्याकडे खेळायला तोच काळ उत्तम. पण डिसेंबरअखेर ते जानेवारी धुक्याने दिल्लीकडच्या गाड्या कितीही तास उशिरा धावतात आणि सकाळी टर्फवर समोरचा गोल दिसत नाही. त्यांना फेब्रुवारीचा दुसरा पंधरवडा सुचवावा, सामने दुपारी ठेवावेत आणि टर्फच्या पाण्याची सोय जानेवारीतच लेखी मागून घ्यावी.